नाकशेटांचा आकडा

पडदा वर जातो तेव्हा समोर एक लांबट खोली. खिडकी एकच, तिच्या काचांना पांढरा कागद चिकटवलेला. मधोमध टेबल आणि टेबलावर ओळीने सहा निळे ग्लास. आतल्या मालाचा रंग दिसून मत बनू नये, म्हणून निळे. बाजूला पाण्याचा जग, एक ड्रॉपर, चूळ टाकायला पितळी भांडं. खुर्चीत साठीला टेकलेले एक गृहस्थ. कडक इस्त्रीचा शर्ट, आणि चेहऱ्याच्या मानाने अंमळ मोठंच नाक.

त्या नाकावर त्यांचा संसार उभा होता. दारूच्या या पेढीत बत्तीस वर्षं सिंगल माल्ट स्कॉच चाखायची आणि शंभरपैकी गुण द्यायचे, एवढंच त्यांचं काम. त्यांनी नव्वदच्या पुढचा आकडा उच्चारला की मालक सबंध पीप उचलायचे आणि बाटल्यांवर त्यांच्या सहीची पट्टी लावायचे. लोक त्यांना नाकशेट म्हणायचे, आणि तेही ती पदवी मिळाल्यासारखे मिरवायचे.

गेले तीन महिने नाकशेटांना कसलाही वास येत नव्हता.

एका साध्या तापाने घात केला. आधी कळलं बायकोला. गॅसवरचं दूध करपून पातेलं काळं पडलं, आणि हे दोन हातांच्या अंतरावर बसून पेपर वाचतायत.

"अहो, ते नाक आहे की शोभेची वस्तू?" ती म्हणाली, आणि त्यांचा चेहरा बघून तिचं हसू जागीच विरलं.

डॉक्टर म्हणाले, परत येईल, कदाचित नाहीही येणार. पेढीवर हे सांगायचं कुणाला? खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांतून नाकशेट नमुने घरी आणू लागले. जेवणाच्या सुट्टीत, जन्मात थेंबही न घेतलेली त्यांची बायको स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बाटलीत नाक खुपसून बसायची.

"दवाखान्याचा वास आहे. जखमेला पट्टी बांधतात ना, तसा. आणि मागून भिजलेली राख."

"गोड काही?"

"गोड कुठलं! माझ्या आत्याच्या स्वभावासारखं आहे."

"नीट सांग गं. पोटाचा प्रश्न आहे."

"बरं... तळाशी जर्दाळू. सुकवलेलं. आणि आता बास, मला गरगरतंय."

नाकशेट डोळे मिटायचे. बत्तीस वर्षांच्या आठवणीतून ती पट्टी, ती राख, ते जर्दाळू शोधून काढायचे, आणि दुपारी पेढीवर खड्या आवाजात सांगायचे, "सत्त्याऐंशी!" आजवर निभावलं होतं.

आज मात्र मालक सकाळीच खोलीत शिरले. "विकणारा खाली थांबलाय. सहा पिपं आहेत, एक घ्यायचंय. कुठलं ते सांगा."

"दुपारी बसलो तर?"

"दुपारी दुसराच कुणी घेऊन जाईल! तुम्हाला काय हो, दहा मिनिटांचं काम."

नाकशेटांनी पहिला ग्लास उचलला. बंद खिडकीच्या काचेला नाक लावावं, तसं झालं. जिभेला कळत होती ती नुसती आग, थोडा गोडवा, थोडा कडूपणा. चौऱ्याऐंशी. दुसरा, ब्याऐंशी. तिसरा, पंच्याऐंशी. अंगाशी न येणारे आकडे. समोर बसलेल्या गुण लिहिणाऱ्या बाई पेन्सिलीने टिपून घेत होत्या. मालकांचा बूट जमिनीवर टकटक वाजत होता.

चौथा ग्लास जिभेवरून रेशमासारखा उतरला. आग नाही, कडवटपणा नाही. बुडत्याच्या हाताला फळकूट लागावं तसं झालं त्यांना.

"एक्क्याण्णव."

मालकांचा हात फोनकडे गेला. पण पेन्सिल हलली नाही. बाईंनी मान वळवली होती, मनगट नाकाशी धरलं होतं. ग्लास चांगला हातभर अंतरावर होता, तरी. आकडा कागदावर उतरेपर्यंत खोलीत मालाविषयी कुणी तोंड उघडायचं नाही, दुसऱ्याच्या शब्दाने नाक बहकतं, हा नियम खुद्द नाकशेटांचा. एकोणीस वर्षांत बाईंनी तो एकदाही मोडला नव्हता. आताही त्या नुसत्या डोळ्यांनी विनवत होत्या.

नाकशेटांना उमगलं. पीप सडलेलं होतं. घाण येत होती, आणि त्या घाणीला त्यांनी एक्क्याण्णव दिले होते. आता त्यावर त्यांच्या सहीची पट्टी लागणार.

चुकून धक्का लागला असं दाखवून ग्लास पाडता येईल? त्यांनी कोपराने तो हळूच कडेला सरकवला. ग्लास कलंडलाही, पण बाईंनी सवयीने झटकन हात पुढे करून तो झेलला आणि होता तिथे परत ठेवला.

"लिहा ना बाई," मालक म्हणाले. "एक्क्याण्णव म्हणालेत ते."

बाईंनी पेन्सिल टेकवली. नाकशेटांनी पुढे वाकून त्यांच्या हातावर हात ठेवला. मालकांकडे बघायचा धीर त्यांना झाला नाही.

"बाई, आकडा राहू द्या," ते म्हणाले. "आधी मला सांगा, याला वास कसला येतोय?"