सुरूच्या बनातला झरा

कोकणात न्यायची पिशवी झटकली, तर तळातून सुरूच्या काड्या पडल्या आणि वीस वर्षांपूर्वीची दुपार आठवली. सामानाच्या माझ्या यादीत तेव्हा पाणीच राहिलं होतं. किनाऱ्यावर दुकान नव्हतं आणि माझी लेक तहानेनं रडत होती. दुष्काळी कवठे महांकाळची माझी आई वाळूच्या टेकाडामागे, सुरूच्या सावलीत हातांनी खड्डा उकरू लागली.

"समिंद्राकाठी गोडं पानी घावतंय व्हय?" फौजेतून निवृत्त झालेले वडील हसले.

"आवं, ओढ्यात झरं उकरूनच वाढलोय आमी. गप बसा तुमी."

कोपरभर खोलीवर पाणी पाझरलं. पहिलं गढूळ पाणी तिनं उपसून टाकलं, मग नितळ ओंजळ चाखून लेकीपुढे धरली. तेव्हा मला माझ्या चुकीची लाज वाटत होती. आज वाटतं, पाणी विसरले नसते, तर माझी आई मला कळलीच नसती.