उष्ट्या हळदीवर चाललेली गाडी

दोष नानांचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही माझ्याकडेच बोट दाखवाल, आणि त्या वादात उगाच चहा गार होईल.

नाना म्हणजे माझे मोठे काका. त्यांच्याकडे दोन गोष्टी पडून आहेत. एक, माझ्यापेक्षा वयाने मोठी पेट्रोल गाडी. दुसरी, जळगावच्या पिंप्राळ्यात रस्त्याला लागून असलेला गाळा, ज्यात सध्या फक्त उंदरांचा धंदा चालतो. मला तिथे गॅरेज टाकायचं होतं. मेकॅनिकलचा डिप्लोमा मी अर्ध्यात सोडला. का, तर आमच्या सरांनी फळ्यावर कार्बोरेटर काढला आणि तो दुधाच्या किटलीसारखा दिसत होता. खरा कार्बोरेटर कधी दाखवणार, असं विचारलं तर म्हणाले, परीक्षेला एवढाच येतो. मी घरी आलो.

घरात मोठ्यांचं काय ते तुम्हाला माहीत आहे. ज्यांनी जन्मात बॉनेट उघडलं नाही, ते सगळे माझं भविष्य उघडून बसले.

शेवटी नानांनी अट घातली. सागरचं, म्हणजे त्यांच्या मुलाचं, लग्न ठरलं होतं. मुलगी धुळ्याची. जळगावात सागरला हळद लागली की उरलेली उष्टी हळद धुळ्याला पोचवायची, आणि ती पोचल्यावरच नवरीला हळद लागायची. नाना म्हणाले, "ही गाडी तू ने. वाटेत धक्का मारावा लागला नाही तर गाळा तुझा. लागला तर पुन्हा तोंड उघडायचं नाही."

मी जीव ओतला हो त्या गाडीत. प्लग साफ केले, पॉइंट घासले, कार्बोरेटर खोलून धुतला, फॅनचा पट्टा नवा घातला. रेडिएटर मात्र बाहेरून बघितला. बाहेरून छान होता.

निघालो. मी चालवतोय, शेजारी नाना, मागे अक्का. अक्का म्हणजे नानांची मोठी बहीण, आमची आत्या. तिच्या मांडीवर हळदीचा स्टीलचा डबा. मे महिन्याचं ऊन, आणि नाना मला गिअर कधी टाकायचा ते शिकवतायत. गाडी मी दुरुस्त केलेली, आणि शिकवणार कोण?

पारोळं मागे पडलं आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढायला लागला. बॉनेटमधून वाफ. मी एका टपरीजवळ लिंबाखाली गाडी घेतली. अक्का डबा सीटवर ठेवून तोंडावर पाणी मारायला टपरीकडे गेली.

मी बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या खालच्या कडेला बारीक चीर, टिपटिप पाणी गळतंय. नाना ड्रायव्हरच्या सीटवर सरकून बसले होते. उघड्या बॉनेटमुळे मी त्यांना दिसत नव्हतो, पण सल्ला द्यायला त्यांना दिसायची गरज कधी पडली आहे?

"गळी राहिनं का?"

"हो."

"हळद टाक."

ही मोठ्यांची रीत. वाक्य अर्धं बोलायचं, उरलेलं आपण पोटातून शिकून यायचं. मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? की ते बरोबर होतं. बारीक गळतीला रेडिएटरमध्ये हळद टाकतात. ती पाण्याबरोबर फिरते आणि चिरेत जाऊन बसते. मलाही माहीत होतं, फक्त मला आधी सुचलं नव्हतं. त्यामुळे मी तोंड शिवून घेतलं. कुठली हळद, किती हळद, एक शब्द विचारला नाही. रेडिएटर गार होईपर्यंत थांबलो, फडक्याने झाकण काढलं, मागच्या सीटवरचा डबा आणला आणि आत पालथा केला. सगळा. वर पाण्याची बाटली ओतली.

आत वाकून बघतोय तेवढ्यात नानांनी न विचारता सेल्फ मारला.

रेडिएटरच्या तोंडातून पिवळं कारंजं उडालं ते सरळ माझ्या थोबाडावर. केस, कान, मान, शर्ट. टपरीवाला हातातला चहा विसरला.

पण गळती थांबली. मी पुन्हा पाणी भरलं, झाकण लावलं आणि नानांना बाजूला सरकवून रुबाबात स्टिअरिंगवर बसलो. अक्का आली, माझ्याकडे बघून म्हणाली, "हाई काय रे?"

"हळद. रेडिएटरला टाकली."

"नाना डिकीमा पुडी ठेवसच," ती म्हणाली आणि डबा उचलून मांडीवर घेतला. तिने तो हातात तोलून पाहिला. मग म्हणाली, "डबा हलका कसा लागस रे?"

नाना हळूच माझ्याकडे वळले.

"बठ्ठी टाकी दिधी?"

"तुम्हीच म्हणालात ना टाक. टाकली सगळी."

"मी डिकीमानी सांगेल व्हती! चिमूटभर!"

मग सांगायचं ना! चिमूटभराच्या जागी डबाभर गेल्यावर रेडिएटर काय म्हणणार? धुळं जवळ येईपर्यंत तो पार चोंदला, काटा पुन्हा वर. नाना म्हणाले, "हीटर लाव." हेही बरोबर, हीटर इंजिनाची उष्णता ओढून घेतो. फक्त ती आपल्या अंगावर सोडतो. मे महिन्यात, भर दुपारी, हीटर पूर्ण. अक्का नऊवारीत मागे बसून माझ्या संपूर्ण शिक्षणाचा उद्धार करत होती.

धक्का मात्र लागला नाही. धुळ्यात नवरीच्या दारात गाडी आपल्या पायांनी पोचली. दारात नवरीची मावशी ताट घेऊन उभी.

"हळद?"

मी म्हणालो, "आणलीये. रेडिएटरमध्ये आहे. खालचा नळ सोडला की येईल."

मावशीने ताट खाली ठेवलं. मांडवातली कुजबुज ऐकून नवरीच बाहेर आली. वैशाली तिचं नाव. तिने रिकामा डबा पाहिला, मग मला पाहिलं, आणि हसायलाच लागली.

"मावशी, हळद तर ही समोर उभी आहे."

"दिराच्या अंगावरची?"

"सागरच्या अंगाला लागलेल्यातलीच ना? मग झालं."

"त्याला ऑइलचा वास येतोय गं."

अक्का मला खांद्याला धरून पुढे ढकलत म्हणाली, "कानना मांगली ले पोरी, तठली चोखी शे."

आणि अख्ख्या मांडवासमोर माझ्या कानामागची हळद खरवडून वाटीत घेतली, डिकीतल्या पुडीतल्या हळदीत कालवली आणि नवरीला लागली. बायका गाणी म्हणत होत्या. मी कान धरून उभा होतो, शाळेत उभं करायचे तसा.

संध्याकाळी नाना गाडीला टेकून उभे होते. मी म्हणालो, "धक्का लागला नाही."

"नाही लागला."

"मग?"

त्यांनी खिशातून गाळ्याची चावी काढून माझ्या हातात दिली. मी थक्क. मोठा माणूस शब्द पाळतो, हे आमच्या घरात पहिल्यांदाच पाहत होतो. मग ते बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "पण हिच्या इंजिनाचं तू हळदीचं लोणचं करून ठेवलंस. आता ही तुझ्या गळ्यात."

गॅरेज सुरू झालं. गिऱ्हाईक येतंय, बरं चाललंय. नानांची गाडी मला जन्मभर फुकट दुरुस्त करून द्यायची आहे.