पहिला पापुद्रा चुलीचा

शिंदखेड्यात लग्न ठरलं की आधी कुंदाबाईंना खापरावरच्या मांड्यांचं सांगतात, मग मंडपवाल्याला. पुरणाचा गोळा हातांवर झुलवत झुलवत त्या कोपरापर्यंत असा पसरतात, की बघणाराच श्वास धरून उभा राहतो. पण हीच बाई रोज दुपारी दोनला पिठाच्या डब्याला मोबाईल टेकवून अंतराळात जाते, हे गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

खेळ ऑनलाइन. सहा जणांची टोळी, सहा यानं. मुलगा आकाश सुरतेला नोकरीला गेला, तेव्हा जुना मोबाईल आणि त्यातला हा खेळ मागे ठेवून गेला. त्याचा फोन आठवड्याला एक. टोळी मात्र रोज विचारते, "अक्का, जेवल्या का?"

आज ती टोळीच हातची जायची वेळ आली होती. म्होरक्या पारस जळगावात वडिलांच्या साडीच्या दुकानात बसून विश्व वाचवतो. गेल्या महिन्यात ऐन हल्ल्याच्या वेळी कुंदाबाई कुणाच्या तरी हळदीला निघून गेल्या, ते त्याच्या मनातून गेलं नव्हतं.

"अक्का, आज चुकलं तर तुमच्या जागी इंदूरवाला. तो इथेच ऐकत बसलाय."

"ऐकू दे ना भाऊ. कान त्याना शेतस." कान त्याचे, आपलं काय जातं, असा कुंदाबाईंचा सूर.

बनवायचा होता तारा-पापुद्रा. खेळातली सूचना पारसने मराठीत करून सांगितली होती: 'कृष्णविवरावर झाकण म्हणून वापरावा. तीन पदर लागतील. गरम असताना पांघरू नये, पाहुण्यांना वाढू नये.' सहा जणांनी बावीस दिवस तारे झाडून धूळ जमवली, तिचे झाले बरोबर तीन गोळे. एका गोळ्याचा एक पदर. तीनच्या आत झाकण बसलं तरच त्यावरून यानं पलीकडे; तीनच्या ठोक्याला वाट बंद.

दोन चाळीसला कुंदाबाईंनी बोटं साडीच्या पदराला पुसली. पडद्यावर पहिला गोळा दोन अंगठ्यांखाली फिरू लागला. हिसका बसला की फाटतो; बाकीच्यांनी सरावात कितीतरी फाडले होते. कुंदाबाईंचा मात्र आखलेल्या वर्तुळाला अलगद जाऊन टेकला.

"वा अक्का!" धुळ्याहून हिना ओरडली.

आणि कुंदाबाईंनी तो पापुद्रा उचलून सरळ यानाच्या धगधगत्या भट्टीत टाकला.

कानात सहा जण एकदम किंचाळले. इंदूरवाल्यासकट.

"अक्का! काय केलंत?"

कुंदाबाई बोटाकडे बघत राहिल्या. तीस वर्षांत त्यांनी पहिला मांडा कधी ताटात वाढला नव्हता. पहिला चुलीतल्या अग्नीला. बोटाने विचारलं नाही, त्याने आपलं काम केलं.

"पहिला अग्नीना राहस भाऊ," त्या हळूच म्हणाल्या.

"इथे कुठला अग्नी? बावीस दिवस गेले! भैया, तुम तैयार रहो."

"पारस, आधी हे होऊ दे," हिना म्हणाली. "अक्का, दोन गोळ्यांत तीन पदर कसे होतील?"

दोन सत्तेचाळीस. कुंदाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. उद्या दुपारी दोनला डब्याला टेकवलेला मोबाईल गप्प बसेल, हे त्यांना दिसलं. मग दुसरंही दिसलं.

"पंगतमा पाहुणा वाढनात तर आपण काय करतस? पुरण तेच. पातळ करतस."

त्यांनी दोन गोळे मोडून तीन केले. पहिला ताणताना कडेचा रंग लाल झाला, म्हणजे फाटायला आला. त्यांनी अंगठे थांबवले, गोळा त्याच्याच वजनाने पसरू दिला, मग सरकवले. टेकला. दुसरा टेकला. तिसऱ्याला दोन अठ्ठावन्न झाले, आणि मधोमध सुईएवढं भोक पडलं.

"गेलं," पारस पुटपुटला.

"तू गप बस!" कुंदाबाई म्हणाल्या.

भोकाच्या कडा त्यांनी चिमटीत धरल्या, जसं मांडा चुलीवरच्या उपड्या खापरावर टाकायच्या आधी त्याचं भोक मिटवतात. मिटलं. पदर विवरावर बसला, आणि टोळीची सहाही यानं त्यावरून पार झाली. घड्याळात अजून अकरा सेकंद शिल्लक होते.

"दीदी, ये कैसे किया?" इंदूरवाल्याला राहवलं नाही.

"आधी पन्नास लगनंमा मांडा कर, मग मी सांगस," कुंदाबाई म्हणाल्या. "आणि पारस, पुढच्या खेपेला चार गोळ्यांची धूळ झाड. पहिला अग्नीलेच जाई."

पारसने दुकानात कुणाला तरी साडी उलगडून दाखवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "बरं अक्का. चार."