द्वारकाआक्कांचा वॉर्ड

द्वारकाआक्का रडणाऱ्या माणसाला शिव्या घालायच्या. साध्यासुध्या नव्हेत, बाजारात भांडण पेटल्यावर ऐकू येतात तसल्या. दुष्काळाच्या उन्हाळ्यात राहात्याच्या शाळेत डोळ्यांचं फुकट शिबिर भरलं होतं आणि मी बेलापूरहून मोठ्या हौसेनं सेवा करायला गेले होते. पहिल्याच सकाळी एक म्हातारी हुंदके द्यायला लागली, तर आक्कांनी तिचं माहेर-सासर दोन्ही उद्धरलं. म्हातारी चिडून गप्प झाली. "राग आला की मानूस रडत न्हाई," आक्का मला म्हणाल्या. "पुन्य कमवायला आली आसशील तर शिर्डीला जा. हितं बायकांचं हागनं-मुतनं काढायचं हाय."

आक्का नगरच्या निवृत्त नर्स, तरुणपणीच विधवा झालेल्या. त्या काळी मोतीबिंदू काढला की दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून माणसाला कित्येक दिवस उताणं निजवायचे. खोकायचं नाही आणि रडायचं तर मुळीच नाही. जखम उसवली की डोळा गेला. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना मज्जाव होता. नाकाला पदर लावत, चिडचिडत मीही हळूहळू तिथं रुळले.

कौसाबाईचा एक डोळा लहानपणीच देवीत गेलेला. ऑपरेशन झालं ते उरलेल्या डोळ्याचं. तिचा नवरा खडी फोडायच्या कामावरून सुटला की फाटकापाशी येऊन बसायचा. ती आपल्या वाटीतला अर्धा शिरा त्याच्यासाठी ठेवायची, मी तो नेऊन द्यायचे. तो वाटी बोटानं पुसून खायचा.

एके दुपारी फाटकापाशी त्याच्याऐवजी पुतण्या आला. चुलता कामावरच उन्हानं कोसळून गेला होता.

"चुलतीला तोंड दाखवाया न्यायचंय, बैलगाडी आनलीया," तो म्हणाला.

डॉक्टर दुसऱ्या गावच्या शिबिराला गेले होते. "न्यायचं न्हाई आन् सांगायचंबी न्हाई," आक्का म्हणाल्या. "पट्टी सोडायची, वर गाडीचे हादरे आन् हिचं रडनं, डोळा ऱ्हाईल का? त्यो तर गेला. ही आंधळी हून कुनाच्या दारात बसंल?"

पोरगा पाया पडला. "जा, उरकून घ्या," एवढंच त्या बोलल्या. मला त्या बाईचा मनापासून तिरस्कार वाटला.

संध्याकाळी कौसाबाईनं अर्धी वाटी पुढं केली. आक्कांनी ती घेतली, दाराआड उभ्यानं खाल्ली आणि परत येऊन म्हणाल्या, "गोड कमी हाय म्हनला तुझा दादला."

"त्यांचं आसंच आस्तंय," कौसाबाई लाजून हसली.

सकाळी तिनं रोजच्यासारखं कपाळ पुढं केलं, कुंकू लावायला. मी आक्कांकडं पाहिलं. "लाव," त्या म्हणाल्या. वॉर्डात सगळ्यांचेच डोळे बांधलेले, बघणारं कुणी नव्हतं. पट्टी सुटेपर्यंत शिरा आणि कुंकू रोज चालू राहिलं.

पट्टी सुटली. डोळा चांगला झाला होता. डॉक्टर पुढं गेल्यावर आक्कांनी तिला सगळं सांगितलं, शिऱ्याचंसुद्धा.

कौसाबाईनं डोळा बारीक करून त्यांचं मोकळं कपाळ न्याहाळलं. "तुमी सवता इधवा," ती म्हणाली, "आन् मला त्यांचं तोंड बघू दिलं न्हाई?"

"डोळा ऱ्हायला न्हवं? आजून म्हैनाभर रडू नगंस, रांडं."

कौसाबाई त्यांच्या पायापाशी थुंकली आणि पुतण्याचा हात धरून चालू पडली. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. आक्कांनी तिला चिडवलं ते का, हे मला कळत होतं. तरीही मी त्यांना माफ करू शकले नाही.

पुढच्या वर्षीच्या शिबिरात, वॉर्डात फिरता फिरताच आक्का गेल्या. नगरहून भाचे येईपर्यंत त्यांना शाळेच्या ओसरीवर ठेवलं होतं. बातमी आसपासच्या गावांत पसरली आणि भर उन्हात कौसाबाई आली, एकटी, जाड भिंगांचा चष्मा लावून. तोंडावरचं कापड तिनं मला बाजूला करायला लावलं. वाकून, अगदी जवळ जाऊन, तिनं तो चेहरा सावकाश बघून घेतला.

"कुनाचं तरी तोंड बघाया मिळालं," ती म्हणाली आणि वहाणा पायात सरकवून आल्या वाटेनं निघून गेली.