कोपरा फाटलेलं कार्ड

माझ्या हातच्या पहिल्याच पत्राने माझ्या सासूबाई वारल्या. म्हणजे पालीला, माझ्या माहेरी वारल्या; श्रीवर्धनला त्या ओटीवर सुपाऱ्या सोलत बसल्या होत्या.

एकोणीसशे तिसाच्या आधीची दोनेक वर्षं असतील. आमचे हे श्रीवर्धनला शाळामास्तर. लग्नानंतर ते मला लिहायला शिकवू लागले. सासूबाईंना ही थेरं पसंत नव्हती. त्यांनी बजावलं, "माहेरी एक पत्र धड लिहून दाखव. जमलं तर शीक, नाही तर पाटी माळ्यावर." माळ्यावर गेलेली वस्तू आमच्या घरात परत खाली येत नसे. आणि मला शिकायचं होतं, अगदी मनापासून.

म्हणून ह्यांनी आधी वाक्यं पक्की करून घेतली.

"आई आली. हे विधान, पुढे पूर्णविराम. आई आली का? हा प्रश्न, पुढे प्रश्नचिन्ह. आई, ये. ही आज्ञा, पुन्हा पूर्णविराम."

"आणि 'अगंबाई, आई आली' हे?"

"तो उद्गार. पुढे उद्गारचिन्ह. पण हळू बोल, ती आतच आहे."

दुपारी हे शाळेत असताना मी कार्ड लिहिलं. 'मी सुखरूप आहे. तुम्ही कसे आहात? पत्र पाठवा. यंदा सुपारी किती छान आली आहे!' चारही प्रकार झाले, पण शेवटच्या उद्गारचिन्हाखाली टिंब देताना टाक असा गळला की टिंबच सुपारीएवढं झालं! घरात कार्ड एकच. डाग दिसला की पाटी माळ्यावर. मी तो कोपराच नीट फाडून टाकला.

मरणाच्या पत्राचा कोपरा फाडतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. असं पत्र घरात आणतच नाहीत. पुरुष अंगणात वाचतात आणि तिथंच फाडून टाकतात. आम्हां बायकांच्या वाट्याला नुसती सुतकाची अंघोळ.

टपालवाला धोंडू दारावरून चालला होता. कार्ड हातात घेताच त्याचा चेहरा उतरला.

"वैनी, लई वाईट झालं."

"झालं खरं," मी म्हटलं. (इतक्या सफाईने फाडूनही ह्याला कळलं!)

"मास्तरास्नी ठाव हाय?"

"नाही. आणि तुम्हीही बोलू नका."

तो डोळे पुसत गेला. शाईच्या डागाबद्दल इतका हळवा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

पालीला काय झालं ते मला मागाहून कळलं. वडिलांनी अंगणात कार्ड वाचलं. आईने विचारलं, "कोण गेलं?"

"ते लिहिलं नाही. ती सुखरूप आहे."

"अगंबाई, मग जावई?"

वडिलांनी पुन्हा वाचलं. "नवरा गेलेली पोर सुपारीचं कौतुक करील का? विहीणबाई गेल्या. घरात तिसरं आहेच कोण?"

हे आईलाही पटलं. (मलाही पटलं असतं!)

दोन मुक्काम करत, बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत दोघं आमच्या दारी उतरली. आईने फाटकापासूनच डोळ्यांना पदर लावला आणि सुरुवात केली.

"असं माणूस पुन्हा व्हायचं नाही हो. माझ्या लेकीला पोटच्या पोरीसारखं वागवलं. हाताला काय चव होती, बोलणं किती गोड..."

ओटीवर सासूबाईंचा हात थांबला. आपल्याबद्दलच चाललंय हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. मी पुढे धावले, तर त्यांनी मला अडवलं.

"गप गो. बोलू दे त्यांना."

आई बोलत राहिली. लग्नातल्या मानपानावरून झालेली कटकट तेवढी वगळून तिने बाकी सगळं काढलं. दम लागला तेव्हा पदर खाली घेतला. समोर विहीणबाई! आई मटकन खाली बसली.

शाळेतून हे आले. चौकशी झाली, कोपरा निघाला, शाई निघाली. हे कपाळाला हात लावून म्हणाले, "पत्र पाठवून विचारायचं तरी, नक्की कोण गेलं म्हणून." मला मात्र रडूच कोसळलं. आता पाटी गेली, हे नक्की होतं.

सासूबाई उठल्या, आईपुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि ह्यांना म्हणाल्या, "शिकव हिला. विहिणीच्या तोंडून एवढं चांगलं जिवंतपणी कुणाला ऐकायला मिळतं?"

पुढे मी आळीतल्या मुलींना शिकवू लागले. त्या विचारतात, "काकू, तुम्ही त्या काळी कशा हो शिकलात?" मी सांगते, जिद्दीने. खरं कारण एवढंच, की माझी आई रडायला फार चांगली होती.