सतरा काका आणि एक मदरबोर्ड

जिंतूरच्या योगीराजांना वाघाची भीती वाटत नसे, कारण जिंतुरात वाघ नव्हता. बाकी पाल, तहसीलदार आणि 'फॉर्मॅट' हा शब्द, या तिघांना ते सारखेच भीत. एसटी स्टँडमागं त्यांचं लग्नपत्रिकांचं दुकान. कुणाचा काका आधी नि कुणाचा मामा नंतर, हे सगळं वीस वर्षं कॉम्प्युटर सांभाळत होता आणि मान योगीराज घेत होते.

आज तोच मुका झाला. आत झरीच्या बन्सीधररावांच्या लेकीची पत्रिका. सतरा काकांचा क्रम तीन बैठकांत ठरलेला. पुन्हा वाद नको म्हणून कच्चा कागद त्यांनी दुकानातच फाडलेला. आता दुपारी ते नमुना बघायला येणार होते, सतराही काकांना घेऊन.

दुरुस्तीवाल्या सुकेशनीनं कॉम्प्युटरचा डबा उघडला. मदरबोर्डवर हळद, कुंकू, तांदूळ आणि लेंड्या.

"काका, हे काय?"

"दसऱ्याची पूजा. आमचं शस्त्र हेच हाय ना."

"तुमी अक्षता टाकल्या, त्या खायला उंदीर आला, आन जाताना बोर्डावर मुतून गेला. जळला बोर्ड."

"म्हंजे... फॉर्मॅट? आतलं सगळं पुसणार?" योगीराजांचा आवाज येलदरीच्या धरणात बुडाला. पत्रिकेचं जुनं सॉफ्टवेअर, जुना फॉन्ट. ते बसवून देणारा माणूस कधीच जिल्हा सोडून गेलेला. दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाईल उघडली की अक्षरांच्या जागी नुसत्या काड्या दिसत.

"न्हाई हो. बोर्ड बदलू, हार्डडिस्क हीच ठेवू, पत्रिका तिच्यातच हाय. विंडोजला हातबी लावणार न्हाई."

"विंडोजला कळलं तर?"

"कळणारच. तुमी चहा सांगा बरं."

बोर्ड बसला, बटन दाबलं. विंडोजचं चिन्ह उमटलं, योगीराज हसले, आणि पडदा निळाभोर झाला. ते स्टुलावर बसायला गेले; स्टूल तिथं नव्हतं.

"गेले, सतराही गेले!" ते फरशीवरून म्हणाले.

"अवो, कुणी मेलं न्हाई. नवा बोर्ड डिस्क नव्या पद्धतीनं वाचायलाय. तुमच्या विंडोजला जुनीच पद्धत ठावं." तिनं बोर्डाच्या सेटिंगमध्ये एक ओळ बदलली. योगीराजांनी डोळे मिटले आणि घाईत मारुतीला नारळाऐवजी पत्रिका छापून द्यायचं कबूल केलं.

विंडोज उघडलं. पत्रिका उघडली. बोट ठेवून ते काका मोजू लागले. सोळा! पुन्हा मोजले. सोळाच! सुकेशनीनं पान खाली सरकवलं. सतरावे काका तळाशी सुखरूप होते.

"आता नव्या बोर्डाचे ड्रायव्हर, म्हंजे त्याला चालवायचे प्रोग्राम, टाकते. मग एकदा बंद करून चालू करावं लागंल."

योगीराजांनी तिच्या हातातला माऊसच धरला. "थांब गं माय! आधी छापू दे."

प्रिंटरमधून निघालेला गरम कागद त्यांनी घडी करून बनियनच्या आत, थेट छातीशी ठेवला. वरून सदऱ्याची सगळी बटनं लावली.

"आता कर काय करायचं ते," म्हणाले, आणि रस्ता ओलांडून पलीकडं, दुकानाकडं पाठ करून उभे राहिले.