कोरड्या विहिरीच्या फोटोवर नाकारलेला व्हिसा

अन्याय झाला तो माझ्या चुलत बहिणीवर. झाला तो माजलगावच्या धरणात नुसता मृतसाठा उरला होता त्या वर्षी, बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, साखर कारखान्याच्या गेस्टहाऊसवर, कूलरच्या गार हवेत. वेळ आणि जागा मुद्दाम सांगतोय. आमच्याकडं उद्घाटनांच्या तारखा संगमरवरात कोरतात, अन्यायाच्या कुणी कागदावरसुद्धा लिहीत नाही.

बहीण कृषी पदवीधर. कारखान्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत कंत्राटी नोकरीला. ऊस लावून लावून खारवटलेल्या जमिनीची माती पिशवीतून यायची आणि ही सांगायची, आता काय करा आणि काय करू नका. परदेशातल्या एका विद्यापीठानं तिला याच विषयात पुढं शिकायला जागा दिली. फीसाठी बँकेचं कर्ज मंजूर झालं होतं, फक्त जामीनदाराची सही बाकी होती. आणि व्हिसा. सत्र सुरू व्हायच्या आत व्हिसा आला नाही तर जागा जाणार होती.

जामीनदार होते कारखान्याचे एक संचालक. सगळे त्यांना आबा म्हणतात. परदेशाचे जाणकारही तेच, कारण ते जाऊन आले होते. त्या वर्षी ऊसच नव्हता म्हणून गाळप मध्येच बंद पडलं, जनावरं छावणीत गेली आणि संचालक मंडळ दुष्काळाचा अभ्यास करायला हॉलंडला गेलं. जो देश समुद्राचं पाणी बाहेर फेकायला पंप लावून बसलाय, तिथं आमच्या लोकांनी पाणीटंचाई अभ्यासली. आबांचा पुतण्या प्रगतिशील शेतकरी म्हणून सोबत होता. घरचा बांध त्यानं कधी ओलांडला नव्हता. मंडळ परतलं. पुतण्याचा अभ्यास अजून तिथंच चालू आहे.

ही मंडळी गेली ती भेटीच्या व्हिसावर. म्हणजे पाहुणा म्हणून या, बघा, खा, घरी जा. कमवायचं नाव काढू नका. असल्या अर्जात तिथला अधिकारी मुख्य म्हणजे एक गोष्ट बघतो: या माणसाला परत जायला कारण आहे का? आबांच्या फाइलीत बागायती सातबारे, पेट्रोल पंप, संचालकपद. एवढं राज्य टाकून कोण पळेल, असं त्या बिचाऱ्याला वाटलं असणार.

शिक्षणाच्या व्हिसाचं बहिणीला ज्या देशात जायचं होतं तिथं असं होतं: प्रवेश दाखवा, फीची आणि राहण्याखाण्याची सोय दाखवा, आणि शिकून परत येणार हे पटवा. कामाचा व्हिसा वेगळा. तिथल्या कुणीतरी आधी तुम्हाला नोकरी द्यावी लागते. कायमचं स्थायिक व्हायचं तर रांगच निराळी. तिथं वय, शिक्षण, भाषा, अनुभव तोलतात, आणि घर सोडून येणार हे उघड असतं. म्हणजे एका दारात जे बोलल्यानं आत घेतात, तेच दुसऱ्या दारात बोललं की बाहेर काढतात. मी हे त्या देशाच्या संकेतस्थळावर वाचलं, मराठीत एका पानावर उतरवलं आणि गेस्टहाऊसवर आबांच्या हातात दिलं. पत्रक काढणं हाच माझा धंदा. आबांनी त्यावर चहाचा ग्लास ठेवला.

"व्हिसा म्हंजी व्हिसा," आबा म्हणाले. "ठप्पा पडल्याशी मतलब. आत गेल्यावर समदं बघता येतंय."

आमचा सगळा जिल्हा याच शास्त्रावर चाललाय. गायरानात आधी टपरी ठोकायची, मग ती नियमित करून घ्यायची. पण ते शास्त्र विमानात चढत नाही, हे आबांना कोण सांगणार?

व्हिसाची फाइल करायला बोलावलं होतं कारखान्याच्या कचेरीतल्या भाऊसाहेबांना. दुष्काळी अनुदानाच्या केसा करण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी बहिणीचे कागद चाळले आणि माझ्या चुलत्याची पगाराची पावती बाहेर काढली. चुलते एसटीत कंडक्टर.

"ही कावून लावली, ताई? पगार दिसला की केस मेली."

"भाऊसाहेब, तेच तर दाखवायचंय," बहीण म्हणाली. "घरी सोय हाय म्हणून."

"सोय हाय म्हनल्यावर कोन देतंय? अवो, सरकार कुटलंबी आसो, त्याला पाझर फुटाय पायजे."

मग पक्क्या घराचा फोटो गेला. चुलतीचा अंगणवाडीचा दाखलाही गेला. त्यांच्या जागी आला आटलेल्या विहिरीचा फोटो, तळात उभं राहून वर बघणाऱ्या चुलत्यांसकट. भेगाळलेलं रान आलं, टँकरपुढची घागरींची रांग आली. वर भाऊसाहेबांच्या हातचा मजकूर, इंग्रजी करून घेतलेला: अर्जदाराच्या गावी आता काहीही उरलेले नाही, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.

मी म्हणालो, "हे वाचून तिथला अधिकारी म्हणंल, ही पोरगी परत कशाला जाईल?"

आबा हसले. "तू कितींदा गेलतास बे परदेशात? पत्रकं वाटायला पाटोद्याच्या म्होरं तरी गेलतास का?"

सगळे हसले. भाऊसाहेब तर खोकेपर्यंत हसले.

बहीण हळूच म्हणाली, "दादा, गप. जामिनावर त्यांची सही व्हायचीय." सही झाली. मग शाल, नारळ, फोटो. व्हिसा यायच्या आधी सत्कार! फाटकावर फ्लेक्स लागला: परदेशी स्थायिक होण्यास निघालेल्या आमच्या भगिनीस शुभेच्छा. शिकायला निघालेल्या पोरीला भाऊसाहेबांनी निराधार केलं होतं, फ्लेक्सवाल्यानं कायमची पाठवून दिली.

नकार आला. सभ्य भाषेत होता: शिक्षण संपल्यावर अर्जदार आमचा देश सोडेल याची खात्री पटत नाही. मायदेशी परतण्याजोगं काही दिसत नाही. आमच्याच फाइलीतलं वाक्य त्यांनी आम्हाला परत धाडलं होतं.

"त्या सायबाला दुष्काळ कळत न्हाई," आबा म्हणाले. साहेबाला दुष्काळ चांगलाच कळला, आबा. त्यानं तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला, एवढीच त्याची चूक. परत यायला घरचा पेट्रोल पंप आणि बागायत असलेला तुमचा पुतण्या तिथंच राहिला, आणि परत येऊन याच मातीत हात घालणारी पोरगी इथं अडली.

तिनं विनंती केल्यावर विद्यापीठानं तिची जागा पुढच्या सत्रापर्यंत राखलीय, एकदाच. नवी फाइल तिनं स्वतः केली. पगाराची पावती आत, पक्कं घर आत, विहीर बाहेर. कमी आहे एकच कागद: शिकून आल्यावर प्रयोगशाळेतली तिची जागा तिचीच राहील, असा कारखान्याचा ठराव. परत येण्याचं त्याहून मोठं कारण तिच्याकडं नाही. कार्यकारी संचालक म्हणतात, कंत्राटी माणसाला रजा नसते. हॉलंडला गेलेल्यांना मात्र दौऱ्यातल्या प्रत्येक दिवसाचा भत्ता असतो.

हे पत्रक वाचणारे तुम्ही या कारखान्याचे सभासद आहात. तुमच्या शेतातली माती पिशवीत भरून तिच्याकडंच नेलीत तुम्ही. येत्या सर्वसाधारण सभेत जेवणाच्या मांडवाकडं वळायच्या आधी माईकपाशी जा आणि तिच्या नावाचा ठराव मांडा. "मंजूर, मंजूर" असा गलका करून विषय उरकायला लागले तर खाली बसू नका. ठराव इतिवृत्तात लिहून, वाचून दाखवेपर्यंत उभे राहा.